ग्रेसलँडचे दोन शेजारी

शिकागोच्या उत्तर भागात, क्लार्क स्ट्रीट आणि आयर्व्हिंग पार्क रोड जेथे एकमेकांना मिळतात तेथे, ग्रेसलँड नावाची १८६० साली स्थापन झालेली दफनभूमी आहे. शहरातील धनाढ्यांनी आपल्या मरणोत्तर वास्तव्यासाठी ही जागा अशा हौसेने निवडली आणि सजवली, की तिच्यातून हिंडताना एखाद्या संस्थानाच्या राजघराण्यातील छत्र्यांमधून हिंडत असल्याचा भास व्हावा. त्यांतच रेल्वेचे शयनडबे बांधून अमाप पैसा मिळवणाऱ्या जॉर्ज पुलमनचा कॉरिंथियन स्तंभ आहे. १८९७ च्या ऑक्टोबरात तो वारला, तेव्हा संतप्त कामगार प्रेताची विटंबना करतील या धास्तीने कुटुंबीयांनी त्याची शिशाचे अस्तर लावलेली शवपेटी रात्रीच्या वेळी काँक्रीटमध्ये पुरली आणि वर पोलादी रूळ आडवे घालून पुन्हा काँक्रीट ओतले. मी आलो होतो तो मात्र याच आवारात विसावलेल्या दुसऱ्या एका गृहस्थासाठी, ज्याच्या कबरीला असल्या बंदोबस्ताची गरज कोणाला वाटली नाही: १८९३ ते १८९७ या काळात इलिनॉय राज्याचा गव्हर्नर असलेला जॉन पीटर ऑल्टगेल्ड.

जर्मनीतील नासाऊ संस्थानात १८४७ साली जन्मलेला आणि तान्हेपणीच ओहायोत आणलेला हा शेतकऱ्याचा मुलगा सोळाव्या वर्षी यादवी युद्धात शिपाई म्हणून गेला आणि तेथून असा ताप घेऊन आला, की प्रकृतीची तक्रार पुढे जन्मभर चालू राहिली. शाळामास्तरकी, रेल्वेच्या कामावरची मजुरी, मिसूरीतील सरकारी वकिली असे टक्केटोणपे खात तो १८७५ साली शिकागोत उतरला. तेथे जमिनीच्या व्यवहारात त्याने चांगली माया जमवली, न्यायाधीशाचे पद भूषवले आणि १८९२ ची निवडणूक जिंकून परदेशात जन्मलेला राज्याचा पहिला गव्हर्नर झाला. येथवरची हकीकत अमेरिकेत शेकड्यांनी सापडेल तशी आहे. तिला वेगळे वळण कोठे लागले हे पाहण्यासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला जावे लागते.

हमरस्त्याच्या मधोमध धावणारी ब्लू लाइनची गाडी फॉरेस्ट पार्कला संपते, आणि स्थानकापासून थोडे दक्षिणेला चालत गेले की पूर्वी वाल्डहाइम म्हणून ओळखली जाणारी दफनभूमी लागते. तेथे ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर ब्राँझची एक स्त्री उभी आहे. मस्तकावरून वस्त्र ओढून घेतलेली ती पुढे पाऊल टाकीत असून, पायाशी पडलेल्या कामगाराच्या मस्तकावर एका हाताने पर्णमुकुट ठेवीत आहे. हे हेमार्केट प्रकरणाचे स्मारक. ४ मे १८८६ रोजी शिकागोतील हेमार्केट येथे कामगारांच्या सभेत कोणा अज्ञाताने बाँब टाकला. त्या घटनेत सात पोलीस प्राणास मुकले, आठ अराजकवाद्यांवर खटला चालला, चौघे फासावर गेले, एकाने कोठडीत जीव दिला आणि तिघे तुरुंगात राहिले. आपल्याकडे १ मेला कामगार दिनाच्या मिरवणुका निघतात, त्यांचा उगम आठ तासांच्या कामासाठी झालेल्या याच चळवळीत आहे. या स्मारकाचे अनावरण २५ जून १८९३ रोजी झाले, आणि दुसऱ्याच दिवशी ऑल्टगेल्डने उरलेल्या तिघांची, म्हणजे फील्डेन, श्वाब व नीबे यांची, बिनशर्त मुक्तता केली. त्याच्या हुकुमाची प्रत घेऊन जोलिएटच्या तुरुंगाकडे निघालेला ड्रायर नावाचा बँकवाला डोळे पुसत होता म्हणतात.

नुसती दया दाखवून तो थांबला असता, तर कदाचित फारसे बिघडले नसते. माफीच्या अर्जांवर शहरातील प्रतिष्ठितांच्याही सह्या होत्या, आणि आजवरची शिक्षा पुरे झाली एवढे दोन ओळींत नोंदवून दप्तर बंद करता आले असते. पण ऑल्टगेल्डने आपल्या हुकुमाला एक प्रदीर्घ कैफियत जोडली: ज्यूरी सरकारी बेलिफाने मुद्दाम निवडून भरलेली होती, मनात पूर्वग्रह असल्याची कबुली देणाऱ्यांनाही पात्र ठरवण्यात आले, बाँब टाकणारा कोण हे सिद्ध झालेच नाही, आणि खटला चालवणारे न्यायमूर्ती गॅरी यांची वागणूक निःपक्षपाती नव्हती. दयेची याचना करणाऱ्यांच्या हाती त्याने न्यायाचा निवाडा ठेवला! त्याचा स्नेही क्लॅरेन्स डॅरो यालाही गॅरींवर ठेवलेला ठपका अनुचित वाटला, आणि मलाही त्या भागाचा सूर एका न्यायाधीशाला पुरा शोभणारा वाटत नाही; परंतु तेवढा भाग वगळला तरी बाकीचा युक्तिवाद अभेद्यच राहतो. वृत्तपत्रांनी मात्र त्याला अराजकवादी, परदेशी, देशद्रोही अशा शेलक्या विशेषणांनी झोडपून काढले.

पुढच्याच वर्षी पुलमनच्या कारखान्यातील संप देशभर पसरला. राज्याची स्वतःची फौज हाताशी असताना, आणि गव्हर्नरने मागणी केलेली नसताना, राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांनी शिकागोत संघसरकारचे सैन्य घुसवले, तेव्हा ऑल्टगेल्डने कायद्याची कलमे दाखवून कडक निषेध नोंदवला. त्याचा उपयोग झाला नाही. संप मोडल्यावर ऑगस्टमध्ये तो स्वतः पुलमनच्या वसाहतीत गेला, उपाशी कुटुंबे डोळ्यांनी पाहिली आणि थकलेल्या घरभाड्यात सवलत द्यावी म्हणून मालकाला पत्र लिहिले. मालकाने ती विनंती फेटाळली. ग्रेसलँडमधील या दोन शेजाऱ्यांचा हयातीतला पत्रव्यवहार असा होता.

१८९६ च्या निवडणुकीत ऑल्टगेल्ड पडला. डिअरबॉर्न स्ट्रीटवर त्याने आपल्या पैशाने उठवलेली सोळा मजल्यांची युनिटी बिल्डिंग त्याच्या हातून गेली, आणि ज्या डॅरोला पूर्वी त्याने आधार दिला होता, त्याच्याच कचेरीत त्याला पुन्हा वकिली करावी लागली. १९०२ च्या मार्चमध्ये, बोअर लोकांच्या बाजूने भाषण करण्यासाठी तो जोलिएटला गेला असता व्याख्यान आटोपताच कोसळला आणि काही तासांत गेला. मिशिगन अव्हेन्यूवरील ज्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या इमारतीत त्याचे पार्थिव दर्शनासाठी ठेवले होते, ती आज सांस्कृतिक केंद्र म्हणून सर्वांना मोफत खुली आहे, आणि रंगीत काचांचा घुमट पाहायला प्रवासी तेथे गर्दी करतात. १९०२ साली तेथे हजारो लोक दर्शनाला आले. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी समाजसेविका जेन ॲडम्स बोलल्या, आणि गॅरींविषयीच्या त्या परिच्छेदांवर ज्याचा आक्षेप होता तो डॅरोही बोलला.