शिवेवरची दौड

सकाळचे सहा. अंगात मुलाचं जाड जाकीट, पायात त्याचेच मोजे, आणि साठीला टेकलेली मी एका परक्या गावाच्या गल्लीत तपकिरीच्या पुडीसाठी धक्के खात उभी! वरून एक माणूस पुड्या उधळतोय, खाली बाप्ये-बाया-पोरं हात वर करून एकमेकांच्या अंगावर पडतायत आणि मागे ढोल-बासऱ्यांचा नुसता दणका. तपकीर हो! माझी आजी पदराआड चिमूट ओढायची आणि आई तिच्यावर डाफरायची, तीच तपकीर. तिच्यासाठी इथं गावच्या गाव भल्या पहाटे रस्त्यावर येतं हे आजीला कळलं असतं, तर तिनं आईचं तोंड कायमचं बंद केलं असतं.

हे गाव स्कॉटलंडच्या दक्षिणेला, इंग्लंडच्या शिवेजवळ. पाटीवरची अक्षरं लावून मी बसवाल्याला ‘हॉविक’ सांगितलं. त्यानं ‘हॉइक’ म्हणत तिकीट दिलं. रेल्वे नाही, होती ती १९६९ मध्ये बंद झाली. मुलगा एडिंबऱ्यात नोकरीला. “आई, जूनमध्ये तिकडे घोड्यांचं काहीतरी असतं, जाऊन ये हवं तर,” एवढंच तो लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाला होता. काहीतरी? अरे बाबा, आपला दसरा, उरूस आणि शिमगा एकत्र कालवून घोड्यावर बसवलाय इथं!

याला म्हणतात कॉमन रायडिंग. कॉमन म्हणजे गावाची सामाईक जमीन, आपलं गायरान. तिच्या शिवेवरून वर्षातून एकदा घोडे फिरवायचे आणि कुठल्या शेजाऱ्यानं रातोरात हद्द आत सरकवलीय का ते बघायचं. मला हे कुणी समजावून सांगायला नको होतं. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कर्नाटक हाकेच्या अंतरावर. बांध कोरण्यावरून सख्ख्या भावांची तोंडं फिरलेली मी लहानपणापासून बघितलीत. पण सगळं गाव मिळून, निशाण घेऊन, वाजतगाजत शीव बघायला निघतं, हे बघितलं नव्हतं. सीमोल्लंघन म्हणून आम्ही काय करतो? कोल्हापुरात दसरा चौकात आपट्याच्या पानांवर झुंबड उडवतो, सोनं घेतो, सोनं देतो, घरी येऊन बासुंदी खातो. सीमा असते कुठं आणि ओलांडतो कोण!

आणि त्यामागची गोष्ट! १५१३ च्या सप्टेंबरात फ्लॉडनला इंग्रजांनी स्कॉटलंडचं सैन्य कापून काढलं. राजा चौथा जेम्स तिथंच पडला. या गावचे कर्ते पुरुषही गेले ते परतलेच नाहीत. पुढल्या वर्षी इंग्रजांची एक लुटारू तुकडी गावापासून दोन मैलांवर, हॉर्न्सहोलपाशी नदीकाठी तळ ठोकून बसली. गावात उरलेली होती मिसरूड न फुटलेली पोरं. ती पोरं तळावर तुटून पडली, तुकडी उधळली आणि निशाण हिसकावून घरी आली. निशाण हेक्समच्या मठाचं होतं म्हणतात. म्हणजे बघा, एवढ्या मोठ्या लढाईत सगळं गमावलेलं गाव अजून सण करतंय तो पोरांच्या एका चकमकीचा. मला ते फार आवडलं. राजे-सरदार राहिले बाजूला. गल्लीतली पोरं झाली देव! हाय स्ट्रीटच्या टोकाला त्या पोरांपैकी एकाचा घोड्यावरचा पुतळा आहे, हातात निशाण उंच धरलेला. गाव त्याला नुसतं ‘द हॉर्स’ म्हणतं. तो १९१४ मध्ये, चारशे वर्षं झाली तेव्हा बसवला. घडवणारा शिल्पकार याच गावचा, विल्यम बीटी. तो १९१८ मध्ये महायुद्धात मारला गेला. त्या पुतळ्यासमोर मी बराच वेळ उभी राहिले.

दरवर्षी गावातला एक अविवाहित तरुण निशाणाचा मानकरी होतो. त्याला कॉर्नेट म्हणतात. गुरुवारी रात्री टाउन हॉलमध्ये एक मुलगी निशाणाला रेशमी फिती बांधते आणि ते त्याच्या हाती सोपवलं जातं: जसं नेतोस तसं, डाग न लागता परत आण. निळं कापड, त्यावर सोनेरी फुली आणि १५१४ हा आकडा. मला आत जागा मिळाली नाही. बाहेर गर्दीत एका म्हाताऱ्यानं जागा करून दिली आणि तासभर माहिती पुरवली. तो एके काळी स्वतः स्वार होता. त्याची बोली मला निम्मी कळली नाही, पण कॉर्नेट बाहेर आल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते कळलं.

बरं, ही माणसं काही साधीभोळी नव्हेत हां! तीनशे वर्षं हा सगळा टापू दरोडेखोरांचा. रीव्हर म्हणायचे त्यांना. स्कॉट, आर्मस्ट्राँग, इलियट, टर्नबुल अशी घराणी रात्री घोड्यावर शीव ओलांडून पलीकडची गुरं हाकून आणायची, पलीकडचे आणखी काही रात्रींनी येऊन परत न्यायचे. इंग्रजीतला ‘ब्लॅकमेल’ हा शब्द या मुलखातला, लुटू नये म्हणून द्यायच्या खंडणीचा! हार्डनच्या वॉट स्कॉटची बायको म्हणे कोठार रिकामं झालं की नवऱ्यापुढं झाकलेलं ताट ठेवायची. झाकण काढलं की आत जेवणाऐवजी घोड्याला टोचायच्या लोखंडी आऱ्या. ‘डाळ संपली’ सांगायची याहून ठसकेबाज रीत मला ठाऊक नाही. १६०३ मध्ये दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर आले आणि हा धंदा हळूहळू मोडून काढला गेला. त्यातल्याच एका आडनावाच्या दुकानातून मी लोकरीचा स्वेटर घेतला. किंमत ऐकून मनात म्हटलं, धंदा अगदीच बंद पडलेला दिसत नाही.

तर शुक्रवार. तपकीर झाली, नाश्ता झाला (स्वार सकाळी सकाळी दुधात रम घालून पितात, मी चहावर भागवलं) आणि मग निपनोजच्या चढावर दौड. दोन्ही बाजूंना दाटीवाटीनं माणसं, खांद्यांवर पोरं. आधी काहीच दिसत नाही. मग पायाखालची जमीन थरथरते. कुणीतरी ओरडतं आणि वळणावरून तो येतो, हिरवा कोट, हातात फडफडतं निशाण, घोडा चौखूर! मागून बाकीचे स्वार. त्यांनी त्याच्या पुढं जायचं नाही. ढेकळं उडतात, घोड्यांच्या फेसाचा वास येतो आणि मी, जिनं आयुष्यात कधी ‘हर हर महादेव’ सभेतसुद्धा मोठ्यांदा म्हटलं नाही, घसा फाटेस्तोवर काहीतरी ओरडले. शेजारची बाई माझा दंड धरून उड्या मारत होती. आमची ओळख नव्हती.

पुढं सेंट लेनर्ड्स नावाच्या शेतावर स्वारांना दही आणि साय. मग शिवेची फेरी. मधे एके ठिकाणी थांबून कॉर्नेट मातीचं ढेकूळ कापतो, ही जमीन आमची म्हणून. खरं तर १७७७ मध्येच कोर्टकचेऱ्या होऊन गायरानाची वाटणी झाली, एक तुकडा इथल्या ड्यूकाकडे गेला. तरी फिरतात! गेलेल्या जमिनीसाठी असं हट्टानं घोड्यावर बसणारी माणसं मला लगेच आपली वाटली.

सगळं गोडच होतं असं मात्र नाही. बायकांनी या फेरीत घोड्यावर बसायचं नाही, असा इथला दंडक होता. १९९६ मध्ये इथल्याच बायकांनी तो मोडायचं ठरवलं, गाव दुभंगलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि कौल बायकांच्या बाजूनं लागला. मी उतरले होते त्या घरच्या मालकीणबाईंकडे विषय काढून पाहिला. त्या काही बोलल्या नाहीत, कपातला चहा मात्र जरा जोरात ढवळला. कुठल्या बाजूनं ढवळला, ते कळलं नाही.

या मुलखाचा आपल्याशीही एक धागा आहे. हॉर्न्सहोलच्या पुढं डेनहम म्हणून खेडं आहे. तिथला जॉन लेडन १८०३ मध्ये मद्रासला आला, आपल्याकडच्या भाषा शिकत सुटला आणि पस्तिशीतच जाव्यात वारला. त्याचं अर्धवट राहिलेलं बाबराच्या आत्मचरित्राचं भाषांतर मुंबईत राहिलेल्या विल्यम अर्स्किननं पुरं केलं. खेड्याच्या मधोमध हिरवळीवर लेडनचं उंच स्मारक आहे.

शुक्रवारी फेरीच्या शेवटी नदीवर गर्दीत मला पुढं ढकललं कुणीतरी. टेव्हिअट नदी उथळ, तांबूस पाण्याची. कॉर्नेट घोड्यासकट पाण्यात उतरला आणि त्यानं निशाणाचं टोक पाण्यात बुडवलं, गावची हद्द इथवर म्हणून. काठावरची माणसं एकदम गप्प झाली होती. मग घोड्यानं मान झाडली आणि पहिल्या रांगेतल्या आम्हा सगळ्यांवर पाणी उडालं.

परतीच्या बसमध्ये जाकिटाच्या खिशात काहीतरी हाताला लागलं. सकाळी एका पोरानं माझी धडपड बघून आपली पुडी माझ्या हातात कोंबली होती, ती. आजूबाजूला पाहिलं, चिमूट घेतली, ओढली. मग जी शिंकायला लागले ती सेलकर्क येईपर्यंत थांबले नाही, आणि दर शिंकेला मागच्या बाकावरचा एक आजोबा टाळ्या वाजवत होता.