पोकरची वही वाचून

राहुरी

चि. बाळूस,

तुझी वही मिळाली. ताईचा निरोप होता की पोराला पत्त्यांचा नाद लागलाय, चार शब्द सुनाव. मी वही आधी वाचली आणि सुनवायचं राहूनच गेलं. आपल्याकडे पत्ते म्हटले की तीन पत्ती आणि पेपरातला ‘जुगार अड्ड्यावर छापा’ एवढंच डोळ्यांपुढे येतं, त्यात ताईचा दोष नाही. पण पैसे न लावता मित्रांत चिप्स वाटून स्पर्धा खेळायच्या, आधी ठरवलेल्या पद्धतीनेच खेळायचं आणि डावागणिक नोंद ठेवायची, हे वाचून मला आमची फील्डबुकं आठवली. कृषी विद्यापीठात ज्वारीच्या चाचण्यांवर नोकरी झाली, तेव्हा उत्तरही त्याच बांधावरून येणार.

तुझी ती पद्धत डेव्हिड स्क्लान्स्कीची, २००२च्या पुस्तकातली. ती कुणासाठी निघाली ते विसरू नकोस. पोकर न येणाऱ्या एका मुलीला, कॅसिनोमालकाच्या लेकीला, लास वेगासच्या मोठ्या स्पर्धेत बसवायचं होतं आणि शिकवायला वेळ नव्हता. म्हणून त्याने नियम दोनच ठेवले. आधी कुणी रेज केलं, म्हणजे बोली वाढवली असेल, तर एक्क्यांची किंवा राजांची जोडी, नाहीतर सूटेड, म्हणजे एकाच चिन्हाचे, एक्का-राजा, एवढ्यावरच ऑल-इन. कुणी रेज केलं नसेल तर यादी मोठी, कुठलीही जोडीसुद्धा चालते. एरवी पत्ते टाकायचे. यातली मेख अशी की, मुरलेल्या खेळाडूचं कसब पुढची पानं उघडल्यावर चालतं. आधीच सगळ्या चिप्स पुढे सारल्या की ते वापरायला जागाच उरत नाही. आणि त्याला घाई नसते. हातात दश्श्या असल्या तरी नवख्या पोरीसमोर सगळं पणाला कशाला लावा, म्हणून तो सोडून देतो. ही पद्धत जगते ती समोरच्याच्या या सोडून देण्यावर.

तुझ्या टेबलावर सोडतंय कोण? वहीत पानोपानी दिसतं, एक्का-नव्वी हातात असलेला गडी ‘बघू तरी’ म्हणून कॉल करतो. तुझ्या यादीतल्या सूटेड सत्ती-छक्कीला त्याच्यापुढे शंभरातले चाळीसेकच डाव मिळणार. म्हणजे तू स्क्लान्स्कीची पद्धत तपासतच नाहीयेस. ती ज्या जमिनीसाठी काढली, ती जमीन तुझ्याकडे नाही. आम्ही रब्बी ज्वारीची शिफारस करताना हलक्या रानाला फुले अनुराधा सांगतो, मध्यमला फुले सुचित्रा, भारी कोरडवाहूला फुले वसुधा, पाणी असेल तर फुले रेवती. नेवाशाच्या काळ्या रानातला उतारा पारनेरच्या मुरमाड माळावर मागायला कुणी जात नाही.

त्याच पुस्तकातली सुधारलेली आवृत्ती मला जास्त पटली, कारण ती आधी जमिनीची खोली मोजते. आपल्या चिप्सना ब्लाइंड आणि अँटी, म्हणजे पत्ते बघण्याआधीच लावाव्या लागणाऱ्या चिप्स, यांच्या बेरजेने भागायचं, आणि आपल्यामागे जितके खेळाडू बोलायचे राहिलेत तितक्याने गुणायचं. आधी कुणी नुसता कॉल करून आत शिरला असेल तर आकडा आणखी वाढतो, तो हिशेब तुला ठाऊकच आहे. दहा हजार चिप्स, ब्लाइंड ५०-१००, मागे आठ जण, तर आकडा ५३३. चारशेच्या वर गेला की फक्त एक्क्यांची जोडी खेळायची. ती २२१ डावांत सरासरी एकदा येते. तासाला तीस डाव धरले तर सात तासांतून एकदा! म्हणून सुरुवातीला तू नुसता बसून असतोस, मित्र चिडवतात आणि तू यादी मोडतोस. ब्लाइंड १०००-२००० झाले की तोच आकडा सत्तावीसवर येतो आणि यादी लांबते. मोडतोड केलीस ते डाव वेगळ्या रकान्यात टाक. पेरल्यावर मध्येच बी बदललेला प्लॉट आम्ही हिशेबातून काढूनच टाकायचो.

आता तुझा निष्कर्ष, ‘पद्धत चालते’. समज, एरवी शंभरातल्या पंधरा स्पर्धांत तू बक्षिसात येतोस. मग कुठलीही पद्धत न वापरता वीस स्पर्धा खेळलास तरी सरासरी तीनदा येशील, आणि एक ते पाच यांतला कुठलाही आकडा दहातल्या नऊ वेळा नुसत्या नशिबाने पडेल. पंधराचे खरोखर अठरा झाले का, हे भरवशाने सांगायला हजाराच्या पुढे स्पर्धा लागतील. एक वाण एका वाफ्यात पेरून आमच्याकडे कुणी तोंडही उघडलं नसतं. तीन-चार पुनरावृत्त्या, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या, शेजारी तुलनेला मालदांडी, आणि हे सगळं निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या हंगामांत. तुझी मालदांडी कुठाय? बसण्याआधी नाणं उडव. छापा आला तर पद्धतीने खेळ, काटा आला तर आपल्या मनाने. मूड बघून ठरवलंस तर सगळं वाया.

तरी एक अडचण उरतेच आणि तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. ज्वारी शेजारच्या सरीकडे बघून वागणं बदलत नाही. तुझे मित्र बदलतात. रेज केलं की हा पठ्ठ्या जवळजवळ नेहमीच पत्ते टाकतो, हे कळल्यावर ते ऊठसूट रेज करणारच. वहीच्या शेवटच्या पानांत ते सुरू झालेलं दिसतंय.

गोव्याच्या कॅसिनोत स्पर्धा खेळायला जाण्याचं विचारलंस. मांडवीतल्या कॅसिनो बोटींना तिथल्या कायद्याने मुभा आहे. आपल्याकडे १८८७चा जुगारबंदी कायदा, आणि पैशांचे ऑनलाइन खेळ तर २०२५च्या केंद्राच्या कायद्याने बंदच केले. जायला माझी हरकत नाही, पण चाचणी म्हणून जाणार असशील तर एका स्पर्धेत काहीही कळणार नाही. शिवाय प्रवेश फी भरली की तो खेळ आपल्या वहीतला उरत नाही. ताईला मी काहीच बोललेलो नाही, तूच सांग.

सतराव्या पानावर राजांची जोडी असताना, आधी रेज झालेलं असताना, तू पत्ते टाकलेस. मूळ यादीप्रमाणे तिथे ऑल-इन हवं होतं, आणि शेऱ्याचा रकाना कोरा आहे. समोर कोण होता आणि का टाकलेस, ते उलट टपाली कळव.

तुझा,
मामा