बियाण्याचे वेल

लोणच्याची काकडी बोटाएवढी असतानाच तोडायला हवी. न्यू जर्सीतल्या माझ्या परसात ‘बोस्टन पिकलिंग’ हे एकोणिसाव्या शतकातलं अमेरिकन वाण आहे. जुलैत वेल भरात आले की मी सकाळ-संध्याकाळ पानं उलटून बघते. एखादी काकडी नजरेतून सुटून निबर झाली आणि तिच्यात बी भरलं, की वेल नवी फळं धरणं आवरतं घेतो.

कारखान्यांसाठीच्या संकरित वेलांवर बहुतेक फुलं मादी असतात. माल एकदम येतो, यंत्राने एकदाच तोडता येतो. या जुन्या वेलांवर आधी नरफुलं, मग पाठीशी इवलीशी काकडी घेऊन आलेली मादीफुलं, आणि तोडा रोज मूठभर. घरासाठी मला हेच आवडतं. लहान बरण्या पाठोपाठ भरतात: लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम मीठ, लसूण, शेपूची फुलं, तळाशी द्राक्षाचं पान. फुलाकडच्या टोकाची पातळ चकती मात्र कापायचीच. तिथल्या विकरांमुळे काकडी मऊ पडते. तेल नाही, मोहरी नाही. खारातल्या कैऱ्यांवर वाढलेल्या जिभेला ही चव परकी वाटत नाही.

पण बी हवं असेल तर काकडी खायचा मोह सोडावा लागतो. आजोळी बियांसाठीचं तवसं वेलावर खूण करून राखत, त्याला कुणी हात लावत नसे. मीही काही वेल फक्त बियाण्याला ठेवते. शेजारीही काकड्या आहेत आणि मधमाश्या कुंपण मानत नाहीत. म्हणून उद्या उमलणाऱ्या, टोकाशी पिवळसर झालेल्या नर-मादी कळ्या संध्याकाळी दोऱ्याने बांधायच्या. सकाळी नरफुलाच्या पाकळ्या काढून त्याचे परागकण मादीफुलाला लावायचे आणि मादीफूल पुन्हा बांधायचं. ते फळ पिवळंधमक होऊन तांबूस छटा येईपर्यंत वेलावर राहतं. मग गर दोन-तीन दिवस त्याच्याच रसात आंबवायचा. बियांवरचा बुळबुळीत पापुद्रा सुटतो, भरलेलं बी तळाशी बसतं, पोचट वर तरंगतं. धुऊन ताटात सुकवलं की कोरड्या, थंड जागी पाच वर्षं सहज टिकतं.

यंदा बियाण्याच्या वेलांना मांडवही वेगळा केलाय. लोणच्याच्या वेलांवरच्या कोवळ्या काकड्या मुलांनी खुशाल खाव्यात. इकडच्या फळांच्या देठाला लाल दोरा आहे; त्यांना हात लावायचा नाही, हे पाहुण्यांनाही मी आधीच सांगून ठेवते.