कुलूप आणि किल्ली

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नियमित आधार संपला. आमच्या धर्मग्रामाच्या कार्यालयातील जुना संगणक पुढच्या आवृत्तीस पात्र नव्हता, म्हणून त्यावर ‘लिनक्स’ ही विनामूल्य प्रणाली बसविण्याचे ठरले. चिंता होती ती ‘फायरफॉक्स’मधील ठेव्याची. माझ्या आधीच्या, आता दिवंगत झालेल्या धर्मगुरूंनी दैनंदिन वाचने, संतचरित्रे, पोपमहोदयांची पत्रे यांचे पत्ते वर्षानुवर्षे तेथे बुकमार्क करून ठेवले होते. त्यांच्या वाचनाची तेवढीच खूण आता मागे उरली आहे.

हा सारा ठेवा ‘प्रोफाइल’ या एकाच फोल्डरमध्ये असतो. त्याचा ठावठिकाणा ‘हेल्प’मधील ‘ट्रबलशूटिंग’च्या माहितीत सापडतो. फायरफॉक्स पूर्ण बंद करून तो पेनड्राइव्हवर उतरवावा आणि त्यातील फाइली लिनक्सवरील फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये ठेवाव्यात. मात्र तेथील फायरफॉक्सची आवृत्ती आधीच्यापेक्षा जुनी नसावी. बुकमार्क एका फाइलीत असतात; पासवर्ड मात्र दोन फाइलींत विभागलेले. एकीत कुलूपबंद शब्द, दुसरीत त्यांची किल्ली. एकच फाइल नेली, तर हाती काही लागत नाही.

आम्ही दोन्ही नेल्या. ती यादी त्यांनी लावलेल्या क्रमानेच पडद्यावर उमटली, तेव्हा मन भरून आले.

श्रद्धेच्या वारशाचेही असेच नाही का? मुलांना आपण प्रार्थनेचे शब्द देतो. त्यांचा अर्थ उघडणारी किल्ली म्हणजे आपले जगणे. ती मागे राहू नये.