हंडा हलत नाही

५ ऑगस्ट २०२४, सोमवार. नाशिक

ॲनिमेशनच्या वर्गाचा पहिला दिवस. माझं वय ४६, शेजारच्या मुलाचं १८. मला काय म्हणायचं हा पोरांपुढचा मोठा प्रश्न. एकीने "काका" म्हटलं, मग मधल्या सुट्टीत आपापसात ठरवून सगळ्यांनी "दादा" केलं. बरं वाटलं.

दुपारी पेन-टॅबलेट हातात आला. वीस-बावीस वर्षं मी पाट्या रंगवल्या, आश्रमशाळांच्या भिंतींवर बाराखडी, फळं, भारताचे नकाशे काढले. भिंतीवरचं अक्षर खांद्यातून निघतं. डाव्या मुठीवर उजवं मनगट टेकवायचं, श्वास धरायचा आणि शिरोरेघ एका दमात ओढायची. भिंत कुठे खरबरीत आहे ते ब्रशच्या केसांतून बोटांना कळतं. इथे पेन गुळगुळीत पाटीवरून नुसता घसरतो. हात खाली, चित्र समोर, आणि नजर हाताकडे वळली की रेघ तुटते. तासभर एक सरळ रेघ जमेना. शेवटी डोळे मिटले आणि ‘सुरगाणा’ लिहिलं. उघडून बघतो तर ‘णा’चा काना ताठ उभा. हाताला अक्षर आठवत होतं. आज तेवढ्यावर झोप लागेल.

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार. सुरगाणा

दिंडोरी, वणी, बोरगाव करत एसटीने घरी. वणीनंतर पाऊस असा की सप्तशृंगीचा डोंगर दिसलाच नाही.

सरांनी चेंडू दिलाय. म्हणजे एक गोल. तो पडायचा, उसळायचा, थांबायचा. सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटी धरून ठेवलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. गोल तोच ठेवून दोन चित्रांमधलं अंतर बदललं की रबरी चेंडूचा लोखंडी गोळा होतो. वर्गात हे ऐकलं तेव्हा मान डोलावली, पण समजलं आज, बांधावर बसल्यावर. भाच्याने चिखलाचा गोळा करून भिरकावला. तो दगडावर आपटला, पसरला, आणि उसळलाच नाही. पसरल्यानंतर मात्र त्याची एक कड हळूच खाली ओघळली. आपटणं एका चित्राचं, ओघळणं आठ चित्रांचं. रात्री तेच काढत बसलो. वजन काढता येतं, हे मला एवढी वर्षं पाट्या रंगवून माहीत नव्हतं.

६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. नाशिक

उद्या गणपती. पंचवटीतल्या खोलीपासून कॉलेजपर्यंत एकही चौक फ्लेक्सवाचून नाही. आमच्याकडे फ्लेक्स आला त्या वर्षी मंडळाची पोरं माझ्याकडे नेहमीप्रमाणे आली होती, पण काम द्यायला नाही, सांगायला. माझं तीन दिवसांचं काम नाशिकहून एका दुपारी छापून येत होतं, आणि स्वस्तात. त्यांची काही चूक नव्हती. माझी होती: तेव्हाच हे यंत्र शिकायला हवं होतं, आणि मी पुढची पंधरा वर्षं ब्रश धुण्यात घालवली. हे लिहून ठेवतो, कारण मुलीने या कोर्सचा फॉर्म आणून दिला तेव्हा मी तिला दुसरंच काहीतरी कारण सांगितलं होतं.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. नाशिक

बुधवारी, २० तारखेला मतदान. एके काळी निवडणूक म्हणजे आमचा सुगीचा हंगाम असायचा. गेरू, चुना, निळीचे डबे आणि रात्रभर भिंती. यंदा मोकळाच होतो, म्हणून पांडवलेणीच्या पायथ्याला फाळके स्मारकात गेलो.

आतापर्यंत फाळके म्हणजे शाळेच्या भिंतीवर काढायच्या थोर पुरुषांपैकी एक, एवढीच ओळख. लायब्ररीतून आणलेलं चरित्र वाचतोय, तर हा माणूस जवळचा वाटायला लागला. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७० चा. १८८५ मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, पुढे बडोद्याचं कलाभवन. फोटोग्राफी केली, ब्लॉक बनवले, शिळाप्रेसमध्ये राबले, जादूचे प्रयोगसुद्धा केले. छापखाना भागीदारीत उभा केला आणि भांडण होऊन सोडला. चाळिशीत हातात धंदा नाही. अशा वेळी एक सिनेमा पाहिला, येशू ख्रिस्ताचा, आणि ठरवलं की हे शिकायचं. १९१२ च्या फेब्रुवारीत लंडनला गेले तेव्हा वय ४१. तिथे सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओत काम पाहून आले. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे.

पण मला सगळ्यांत धरून ठेवलं ते त्याआधीच्या लहानशा फिल्मने. पैसा उभा करायचा तर लोकांना काहीतरी करून दाखवायला हवं. म्हणून कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोज थोडंथोडं चित्रण करत राहिले. महिनाभराची वाढ काही क्षणांत पडद्यावर. ‘अंकुराची वाढ’. पुढे त्यांनी आगकाड्याही अशाच हलवल्या. आम्ही वर्गात करतो ते हेच: एक चौकट, थांबा, पुढची चौकट. फरक इतका की त्यांना चूक झाली तर वाटाण्याला परत बी करता येत नव्हतं.

सरस्वतीबाईंबद्दल त्या पुस्तकात मला हवं तेवढं नाही. फिल्मला भोकं पाडणं, रात्री ती धुणं, सगळ्या माणसांचा स्वयंपाक, आणि दागिने गहाण, हे सगळं त्यांनी केलं. माझ्या २२,००० च्या जुन्या लॅपटॉपचे पैसे कुठून आले ते मला माहीत आहे. त्यामुळे ती पानं मी दोनदा वाचली.

८ डिसेंबर २०२४, रविवार. सुरगाणा

लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी तशी नावालाच. चार तासांची ४० चित्रं गेली, सेव्ह केली नव्हती. चिमणीच्या उजेडात वहीच्या कोपऱ्यांवर तीच परत काढली आणि अंगठ्याने पानं सोडून पाहिली. पक्षी उडाला.

२२ जानेवारी २०२५, बुधवार. नाशिक

चालणं सुरू. सर म्हणाले, चालणं ज्याला जमलं त्याला अर्धं ॲनिमेशन आलं. चार मुख्य ठेवणी: टाच टेकली, वजन खाली आलं, एक पाय दुसऱ्याला ओलांडून निघाला, अंग वर उचललं. पोरं ह्याला कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग, अप म्हणतात, मीही आता तेच म्हणतो. डोकं प्रत्येक पावलाला खालीवर होतं. कागदावर डोक्यांची टोकं जोडली तर लाट दिसली पाहिजे.

मी दिलेली बाई चालली, पण तिच्या डोक्यांची टोकं जोडली तर सरळ रेघ आली. सर म्हणाले, "दादा, ही तरंगतेय. चालत नाहीये." ओनियन स्किन लावून दाखवलं, मागची चित्रं पुसट दिसतात त्यात, बटर पेपर एकावर एक ठेवल्यासारखी. सगळी डोकी एका पातळीवर. वर्गापुढे काही बोललो नाही. पण माझ्या डोळ्यांसमोर चालणारी बाई तशीच आहे. तिच्या डोक्यावर काहीतरी आहे, ते मी काढायचं विसरलो होतो.

३ मार्च २०२५, सोमवार. नाशिक

सकाळीच वर्गात आरडाओरडा. लॅटव्हियाच्या ‘फ्लो’ला ऑस्कर. गिंट्स झिल्बालोडिस नावाच्या तरुणाने, लहानशा चमूने, ब्लेंडरवर केलेली फिल्म. ब्लेंडर फुकट मिळतं. माझ्या लॅपटॉपवर आहे. एक काळं मांजर, पूर, एक होडी, आणि पूर्ण फिल्ममध्ये एकही शब्द नाही. इंग्रजीवाचून माझं अडतं तिथे अडत नाही असं एक काम जगात अगदी वरच्या पायरीवर जाऊन बसलंय. आज सबमिशन होतं, कोणी केलं नाही.

९ मार्च २०२५, रविवार. पाड्यावर

विहिरीने तळ दाखवलाय. पाणी झिरपतं, बाया कडेला बसून वाट बघतात, वाटी-वाटीने हंडा भरतात. जिथे एवढा पाऊस कोसळतो तिथे मार्चमध्ये ही गत. पाणी उतारावरून निघून जातं, आणि त्याच्यामागे बाया चालत राहतात.

मोबाइल घेऊन वाटेवर उभा राहिलो. बायको वर येत होती, डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी. मी चित्रण करतोय हे पाहून थांबली नाही, थांबता येत नाही. घरी आल्यावर म्हणाली, "चित्र काढा खुशाल. आधी एक हंडा उचलून बघा."

उचलला. चुंबळ तिनेच डोक्यावर बसवून दिली. पंधरा लिटरचं ओझं असेल. पहिल्या पावलालाच पाणी मानेवरून पाठीत गेलं. तिने मागून सांगितलं, पायाकडे बघू नका. मग मी समोरच्या सादड्याच्या झाडाकडे नजर लावली आणि कळलं. पाऊल टेकताना गुडघा पूर्ण सरळ होतच नाही. कंबर बाजूला जाते, दचका गुडघ्यात आणि कंबरेत जिरतो, मानेपर्यंत पोचत नाही. मान तर खिळा ठोकल्यासारखी. लाट असते, पण ती कंबरेखाली असते. वर फक्त पाणी हिंदकळतं, तेही पावलाच्या किंचित नंतर.

पन्नास-साठ पावलांतच मी घामाने भिजलो. ती हे रोज किती वेळा करते हे मला माहीत होतं. अंगाला माहीत नव्हतं.

२४ मार्च २०२५, सोमवार. नाशिक

हंड्यासकट बाई दाखवली. आता डोकं सरळ, कंबर नागमोडी, गुडघे लवलेले, पाणी दोन चौकटी उशिरा. सरांनी ती पाच-सहा वेळा फिरवून बघितली आणि म्हणाले, "हे पुस्तकात नाही. पोरांना समजावून सांगा." मग मी बोललो. वर्गातल्या दोन मुलींनी उठून डोक्यावर दप्तर ठेवलं आणि चालून पाहिलं.

संध्याकाळी एका मुलाने मशीनला मराठीत वाक्य घातलं, सुरगाण्याचा बोहाडा, म्हणजे आमचा मुखवट्यांचा नाच, दाखव म्हणून. मिनिटाभरात हलतं चित्र आलं. मुखवटा कथकलीच्या वळणाचा, मशाली चकचकीत, आणि मुखवट्याने पापणी मिटली, हसला. पोरं म्हणाली, दादा, आता आपलं काय होणार? मला मंडळाची ती पोरं आठवली. पोटात खड्डा पडला, खोटं कशाला लिहू. पण या वेळी मी वर्गात आहे, आणि त्या चित्रात काय चुकलंय ते मला सांगता येतं. मुखवटा पापणी मिटत नाही.

२० एप्रिल २०२५, रविवार. सुरगाणा

रात्रभर जागा होतो. शेजारच्या गावचा बोहाडा. कोणी भोवाडा म्हणतं. संबळ आणि पिपाणी सुरू झाली की झोप लागतच नाही. आधी गणपती, मग सरस्वती, मग एकेक सोंग टेंभ्यांच्या उजेडात येत गेलं. प्रत्येक सोंगाचा मान ठरलेल्या घराचा. आजा नाचला, बाप नाचला, आता नातू. माझे वडील नाचत नसत, मुखवटे रंगवत. रंगाची पहिली वाटी मी त्यांच्यासाठी खलली.

लहानपणी मी फक्त रंग बघायचो. काल पहिल्यांदा मान बघितली. लाकडी तोंडावर एकच भाव कोरलेला असतो, तो रात्रभर बदलत नाही. तरी सोंग रागावतं, दमतं, लहान पोराकडे वाकून बघतं आणि पोर रडतं. हे सगळं नाचणारा मानेतून आणि गुडघ्यातून करतो. हनुवटी दोन बोटं खाली गेली की टेंभ्याची सावली भुवईखाली उतरते, आणि तोच मुखवटा उग्र होतो. वर उचलली की सौम्य. वळण्याआधी सोंग क्षणभर थांबतं, अगदी थांबतं, संबळाचा एक ठोका रिकामा जातो, आणि मग झटक्यात वळतं. आमच्या वर्गात ह्या थांबण्याला ‘अँटिसिपेशन’ म्हणतात. डिस्नेच्या दोन म्हाताऱ्या कलावंतांनी, फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी, १९८१ च्या पुस्तकात बारा तत्त्वं मांडली, त्यांतलं एक. ते कुणी नाचणाऱ्याला शिकवलेलं नाही. त्याच्या बापाचं बघून त्याच्या मानेत आलंय.

पहाटे त्या नाचणाऱ्याला भेटलो. मुखवटा काढल्यावर तोंडाला बांधलेलं फडकं पिळून निघत होतं. विचारलं, वळायच्या आधी का थांबतोस? म्हणाला, "थांबलो नाही तर मुखवटा मागे राहतो."

हे वाक्य घरी येऊन आधी लिहिलं, मग झोपलो. वर्षअखेरीची फिल्म ठरली. वीस सेकंद, एकच सोंग, एकच वळण. चेहऱ्याचं चित्र एकदाच काढायचं, बाकी सगळी मान.

११ मे २०२५, रविवार. पाड्यावर

गेल्या पंधरा दिवसांत मुखवट्याच्या फिल्मची १३० चित्रं झाली. ती अजून कुणाला दाखवत नाही. आज हंड्याची दाखवली.

रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉप ओट्यावर ठेवला. आई, मुलगी, शेजारच्या दोघी, आणि ही. पडद्यावरची बाई चालत होती, संपलं की परत पहिल्यापासून, तशीच चालत होती. आई म्हणाली, कुठवर चालवणार तिला? मुलगी हातांनी ताल धरून बसली होती. ही मात्र काही न बोलता अगदी जवळ येऊन बघत राहिली. मी विचारलं, कसं वाटतंय?

"हंडा अर्धा आहे हिचा."

मी म्हटलं, भरलेला काढलाय, काठापर्यंत.

"पाणी काठापर्यंत काढलंय हो. पण चालतेय ती अर्ध्या हंड्याची. भरला हंडा असला की पाऊल आखूड पडतं. एवढी लांब टांग कोण टाकतं? आणि भरलेलं पाणी एवढं हिंदकळत नाही. अर्धंच जास्त आवाज करतं."

शेजारच्या दोघींनी मान हलवली. त्यांतल्या एकीने बोटाने पडद्यावर पाऊल कुठे पडायला हवं ते दाखवलं, काचेवर ठसा उमटला.

मी फाइल उघडली. दुसरं, पाचवं आणि आठवं चित्र परत काढायचं. पाऊल चार बोटं मागे. ही शेजारी बसली आहे. म्हणते, गुडघा अजून थोडा.