जरा कठीण आहे

साहित्याच्या अध्यापकाने संगणकावरच्या खेळाविषयी लिहावे, हे काहींना पोरकटपणाचे वाटेल. तरीही लिहीत आहोत. कारण भाषेविषयीचे एक साधे शहाणपण आम्हांला फार उशिरा सुचले आणि ते वर्गात सुचले नाही, आधी त्या खेळात आणि मग भाताच्या खाचरात सुचले. येथे ‘आम्ही’ हे संपादकीय अनेकवचन नाही. आम्ही खरोखरच दोघे आहोत, सख्खे भाऊ. थोरला महाविद्यालयात मराठी शिकवतो. धाकटा लोणावळ्याच्या घरी बसून संगणकावर पोटापाण्याचे काम करतो. वडिलोपार्जित शेती नाणे मावळात आहे आणि ती चुलते पाहतात. या तिन्ही गोष्टींचा पुढे संबंध येणार आहे.

खेळाचे नाव ‘फायनल फॅन्टसी फोर्टीन’. तो जपानी आहे आणि त्याचे सध्याचे रूप २०१३ च्या ऑगस्टपासूनचे आहे. ज्यांना या प्रकारांची ओळख नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की यात मोठ्या लढाया एकट्याने जिंकता येत नाहीत. चौघांचा किंवा आठ जणांचा गट लागतो. कोणी शत्रूचे घाव स्वतःवर घ्यायचे, कोणी इतरांच्या जखमा भरायच्या, उरलेल्यांनी वार करायचे. अवघड लढाई एखाद्या बसवलेल्या नाचासारखी असते. कोणत्या क्षणी कोणी कोठे उभे राहायचे हे ठरलेले असते, आणि आठांतला एक चुकला तरी पुष्कळदा आठही जण पडतात. मग पुन्हा पहिल्यापासून. भारतात या खेळाचे केंद्र नाही. धाकट्याने पुण्यात दोन वर्षे जपानी शिकली होती, म्हणून आम्ही जपानमधले केंद्र निवडले. पुण्याच्या माणसाला जपान तसे फार परकेही वाटत नाही. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान २००६ साली खुले झाले, ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवरचे. आणि आमच्याच तालुक्यात, तळेगावच्या औद्योगिक पट्ट्यात, जपानी कारखाने आता नवलाचे राहिलेले नाहीत.

परभाषिकांनी एका गटात खेळायचे कसे, हा प्रश्न या खेळाच्या कर्त्यांना जुना आहे. त्यांचा आधीचा ‘फायनल फॅन्टसी इलेव्हन’ २००२ साली जपानमध्ये आणि २००३ साली अमेरिकेत आला, तेव्हा दोन्हीकडच्या खेळाडूंना त्यांनी एकाच जगात सोडले, आणि तयार वाक्यांशांचा एक छोटा कोश हाताशी दिला. आपण आपल्या भाषेतला वाक्यांश निवडायचा, समोरच्याला तो त्याच्या भाषेत दिसतो. फोर्टीनमध्येही ती सोय आहे. जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन या चार भाषांत. मराठी अर्थातच नाही. त्यामुळे आमचे म्हणणे मराठीत सुचायचे, इंग्रजीतून निघायचे आणि जपानीत पोहोचायचे. दोन उंबरठे ओलांडताना त्यातले काय सांडत होते, याचा विचार तेव्हा आम्ही केला नाही.

पहिल्या काही महिन्यांत जे वेगळेपण जाणवले ते शिष्टाचाराचे. गटात शिरताच प्रत्येक जण ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ म्हणतो. याचा मराठी अनुवाद करू गेल्यास ‘आता मी तुमच्या हवाली, सांभाळून घ्या’ अशा काही शब्दांपर्यंत जाता येते, पण ते फार गंभीर होते. खेळ संपला की ‘ओत्सुकारेसामा देशिता’, म्हणजे शब्दशः ‘आपण दमलात’. टाळ्या वाजवायच्या तर ओळीने आठाचे आकडे लिहायचे, कारण आठ म्हणजे ‘हाचि’ आणि टाळ्यांचा आवाज ‘पाचि पाचि’. हरल्यावर तर गंमतच. ज्याची चूक असेल तो क्षमा मागेच, पण ज्याचा काडीचा संबंध नाही तोही मागे. आम्ही सुरुवातीला हसलो. आपल्याकडे चार मित्र खेळायला बसले, की पहिली शिवी हीच आपुलकीची पावती असते. हे लोक भारी कोरडे, असा निकाल आम्ही देऊन टाकला.

आणखी एक शब्द तेथे शिकलो: ‘गिसुगिसु’. गटातल्या माणसांत आतून ताण आला, वरवर कोणी बोलत नाही पण घर्षण जाणवते, अशा स्थितीला हा ध्वन्यनुकारी शब्द आहे. कोशात शोधण्याची गरज पडली नाही. थोरला लगेच म्हणाला, ‘ही तर आपली धुसफूस!’ शब्दाला जोडीदार मिळाल्याचा आनंद आम्ही पुरेपूर घेतला. धुसफूस ओळखायची कशी, हे मात्र त्या आनंदात राहून गेले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना येथे एक गोष्ट आठवेल. शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला आणि आपण तो एकट्या कवीची, एका क्षणाची कविता म्हणून स्वीकारला. ते योग्यच होते. पण जपानमध्ये या तीन ओळींचे मूळ बैठकीत आहे. बाशोच्या काळी ती ‘होक्कु’ होती, म्हणजे अनेकांनी मिळून रचायच्या साखळीकवितेची सुरुवात. पहिली कडी मानाच्या पाहुण्याने द्यायची, दुसरी यजमानाने. पुढच्याने मागच्या कडीचा धागा धरायचा, पण तिच्याही मागच्या कडीकडे परतायचे नाही. कोठे चंद्र यावा, कोठे फुले यावीत, याचेही संकेत असत. त्या पहिल्या कडीला स्वतंत्र करून ‘हायकू’ हे नाव रूढ केले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मासाओका शिकीने. मराठीत कविता आली आणि तिची बैठक तिकडेच राहिली. आमचेही तसेच झाले. खेळ घेतला, त्याची बैठक घेतली नाही.

दुसऱ्या वर्षी एका कायमच्या गटात आम्हांला जागा मिळाली. सहा जपानी आणि आम्ही दोघे. दर शनिवारी जपानी वेळेने रात्री नऊ वाजता जमायचे. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेपाच. नऊ म्हणजे त्यांच्या लेखी नऊला पाच मिनिटे कमी. त्या वेळी सहाही जण वर्तुळात उभे असत. आम्ही साडेपाचला चहाचा कप घेऊन बसत असू. पाच मिनिटे इकडेतिकडे, त्यात काय?

मग पावसाळा आला. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे वर्षाला चार हजार मिलिमीटरांहून अधिक, आणि त्यातला बहुतेक तीन महिन्यांत. वीज जाते. लढाई ऐन रंगात यावी आणि आमचा पडदा काळा व्हावा, असे जुलैत तीनदा झाले. एकदा वीस मिनिटांनी परत आलो तर सहाही जण तसेच उभे होते. ‘ओकाएरि,’ सगळ्यांनी लिहिले. घरी परतलेल्या माणसाला म्हणायचा हा शब्द. आम्ही भारावलो. किती समजूतदार माणसे! पुढच्या आठवड्यात गटाच्या म्होरक्याने विचारले, ‘तिकडचे हवामान ठीक आहे ना?’ आम्ही उत्साहाने लिहिले, की हा तर मावळ, येथे पाऊस असायचाच, काळजी नसावी. आणि ओघात एक विनंती केली: थोरल्याला महाविद्यालयातून यायला उशीर होतो, तेव्हा वेळ अर्ध्या तासाने पुढे नेता येईल का?

उत्तर आले, ‘मुझुकाशिइ देसु ने.’ जरा कठीण आहे, नाही का.

आम्ही त्यावर काय लिहिले ते आज आठवले तरी ओशाळायला होते. आम्ही लिहिले, ‘कठीण आहे, अशक्य नाही! आपण सगळे मिळून जमवू.’ बराच वेळ कोणी काही लिहिले नाही. मग म्होरक्या म्हणाला, चला, सुरुवात करू.

ऑगस्टच्या अखेरीस त्याचा निरोप आला. कामाचा व्याप वाढला आहे, गट थांबवत आहोत, इतके दिवस साथ दिलीत, आभारी आहोत. वाईट वाटले, पण इलाज नव्हता. तीन आठवड्यांनी धाकट्याला खेळातल्या एका गावाच्या चौकात तेच सहा जण दिसले. सोबत दोन नवे होते. शनिवार होता आणि साडेपाचला पाच मिनिटे कमी होती.

त्या रात्री आम्ही त्या माणसांना काय काय म्हणालो ते येथे लिहिण्यासारखे नाही. तोंडावर गोड, मनात दुसरेच, स्पष्ट सांगायला काय झाले होते, वगैरे. एका परक्या देशाच्या स्वभावावर निकाल देणे किती सोपे असते! खरे तर सहा माणसे म्हणजे जपान नव्हे. मध्येच न सांगता निघून जाणारे, उर्मट बोलणारे जपानी खेळाडूही आम्हांला भेटले होते. पण दुखावलेल्या माणसाला अपवाद आठवत नाहीत.

आता खाचराकडे यायला हवे. मावळात भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. पाऊस धरला, चिखलणी झाली, की रोपे हातात घेऊन वाकायचे, आणि हे काम एका घराच्याने होत नाही. आज तुमच्या खाचरात आम्ही, उद्या आमच्या खाचरात तुम्ही. या परतफेडीच्या श्रमाला सावड म्हणतात. हिशेब कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. जपानमध्येही भातलावणीची अशीच रीत होती आणि तिला ‘युइ’ म्हणत, हे आम्हांला नंतर वाचनात आले. जपान आणि आमच्या खाचराचा संबंध त्याहून थेटही आहे. १९५३ साली देशभर ‘जपानी पद्धतीच्या भातशेती’ची मोहीम निघाली. गादीवाफ्यावर रोपे, बियाणे कमी, खत भरपूर, आणि लावणी ओळीत, ठरावीक अंतरावर. आमच्या आजोबांच्या तोंडी ‘जपानी लावण’ हा शब्द अखेरपर्यंत होता. दोरी ताणून लावायची म्हणजे सगळ्यांनी एका वेळी वाकायचे आणि एका वेळी मागे सरायचे; एक जण रेंगाळला तर सगळी ओळ त्याच्यासाठी चिखलात उभी राहते, असे ते सांगत.

गट मोडला त्याच वर्षीच्या जुलैत आम्ही चुलत्यांना आवणीचे दोन दिवस कबूल केले होते. पहिल्या दिवशी दहा वाजता पोहोचलो. माणसे सातपासून खाचरात होती. दुसऱ्या दिवशी पावसाने जाणे जमले नाही, तसा फोन केला. ‘असू दे, असू दे,’ चुलते म्हणाले. पुढच्या वर्षी मृग उलटून गेला तरी बोलावणे आले नाही. शेवटी आम्हीच विचारले, ‘काका, यंदा आवणीला कधी यायचे?’

‘बघू,’ काका म्हणाले. ‘यंदा माणसे आहेत तशी.’

‘बघू’ म्हणजे पाहण्याची क्रिया नव्हे, हे मराठी घरात वाढलेल्या कोणालाही शिकवावे लागत नाही. आम्हांला तो नकार ऐकू येताक्षणी कळला. काकांना स्पष्ट बोलायला काय झाले होते, असे मनातही आले नाही. उलट त्यांनी आमची लाज राखली, हेच जाणवले. फोन ठेवला आणि दोघेही एकमेकांकडे पाहत राहिलो. कारण हेच वाक्य वर्षापूर्वी आम्हांला जपानीत ऐकवले गेले होते, आणि आम्ही त्याला उमेद देऊ केली होती.

म्हणजे ती भाषा परकी नव्हतीच. नकार न उच्चारता नकार देणे, चूक न दाखवता हवामान विचारणे, हे सारे आम्हांला येत होते. निघताना ‘येतो’ म्हणणाऱ्या भाषेत आम्ही वाढलो. शब्द आणि अर्थ यांच्यातले अंतर आम्हांला नवे कसे असेल? आम्ही फक्त असे गृहीत धरले होते, की आपल्याकडे आडवळणाने बोलतात त्याला माया म्हणतात आणि त्यांच्याकडे बोलतात त्याला दुटप्पीपणा. खरा फरक शिष्टाचाराच्या जागेचा होता. आमची अदब वयाला आणि नात्याला असते; बरोबरीच्यांत ती सोडून देणे हीच जवळीक. त्यांची अदब, निदान त्या सहा जणांची, गटाच्या वेळेला होती. पाच मिनिटे आधी येणे हे त्यांचे ‘काका’ म्हणणे होते. ते आम्ही दर शनिवारी वगळत होतो.

त्या रविवारी आम्ही म्होरक्याला पत्र लिहिले. तयार वाक्यांशांतून नव्हे, धाकट्याच्या मोडक्यातोडक्या जपानीत. उशीर आमचा होता, पाऊस निमित्त होते, आपण किती वेळा थांबलात ते आता कळले, एवढेच. परत घ्या असे लिहिले नाही. दोन दिवसांनी उत्तर आले. पत्राबद्दल आभार, तिकडे आता पुन्हा मोठा पाऊस सुरू झाला असेल, जपून असा, त्या काळात आपण दमलात. बोलावणे त्यात नव्हते. या वेळी ते आम्ही बरोबर वाचले.

मग काकांकडे गेलो. न बोलावता, सकाळी साडेसहाला. ते बांधावर उभे होते. आमच्याकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले आणि म्हणाले, ‘पाऊस काय मावळात नवा आहे होय?’ आणि रोपांची एक जुडी धाकट्याच्या हातात दिली.

घरी आता इन्व्हर्टर आहे. तो त्या पहिल्या जुलैतही बाजारात मिळत होता.