लाखाची शेगडी

अटलांटातल्या त्या भल्यामोठ्या दुकानात आमचे चिरंजीव एका हिरव्यागार अंड्यासमोर हरखून उभे होते. अंडं म्हणजे चांगलं रांजणाएवढं. वर झाकण, झाकणावर तापमापक, खाली राख काढायचं छोटं दार. मी चष्मा सारखा करून किमतीची चिठ्ठी वाचली. चाकांचा गाडा आणि बाकीचं सामान धरून दीड हजार डॉलरच्या आसपास जात होतं. लगेच मनात रुपये करून पाहिले (मुलाकडे परदेशी गेलेल्या आईची ही खोड काही जात नाही) आणि तोंडून मोठ्यानेच निघालं, "अरे, कोळशाच्या शेगडीला सव्वा लाख?"

सूनबाई हळूच हसली, पण बोलली काहीच नाही.

खरं सांगायचं तर किमतीपेक्षा माझा राग कोळशावरच जास्त होता. लहानपणी पुण्यातल्या वाड्यात आम्ही दोन खोल्यांत राहायचो. वखारीतून कोळसा आणायचा तो मी आणि भावाने. आई पहाटे शेगडी पेटवायची, फुंकणीने फुंकून फुंकून तिचे डोळे लाल व्हायचे आणि पावसाळ्यात कोळसा ओला असला, की खोकल्याची उबळ थांबायची नाही. १९७४ साली आमच्याकडे गॅस आला. त्या दिवशी आईने शेगडी उचलून भंगारवाल्याला दिली, एका पैशाचीही घासाघीस न करता! आणि आता तिचा नातू तीच वस्तू लाख रुपये मोजून विकत घ्यायला निघाला होता.

घरी आल्यावर चिरंजीवांनी मला बसवून सगळा इतिहास सांगितला. जपानमध्ये भात शिजवायला मातीची जाड भट्टी असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गेलेल्या अमेरिकन सैनिकांना ती आवडली आणि त्यांनी ती आपल्या देशात आणली. पुढे याच अटलांटात एड फिशर नावाच्या गृहस्थांनी तिचं दुकान काढलं, 'बिग ग्रीन एग' या नावाने. "कधी?" मी विचारलं. "१९७४ साली." म्हणजे आईने शेगडी भंगारात दिली त्याच वर्षी! मला हसूच आलं.

"पण आई, ही साधी शेगडी नाही. हिच्या भिंती जाड सिरॅमिकच्या आहेत, उष्णता बाहेर जातच नाही. काही कंपन्या पोलादाच्या दुहेरी भिंतींच्याही करतात, मधे हवा, थर्मास असतो तशा. खालचं दार आणि वरची झडप किंचित उघडी ठेवली, की सव्वादोनशे फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या १०७ सेल्सिअसवर, एकदा भरलेला कोळसा दहा-बारा तास सहज चालतो. आत हवा कमी खेळते, म्हणून पदार्थ कोरडा पडत नाही. शेवटी दोन्ही बंद केलं, की आग विझते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो."

मी ऐकत होते आणि मला आमची भुशाची शेगडी आठवत होती. मधे बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालून पेटवायचं. तासन्‌तास मंद जळायची. रात्री निखाऱ्यांवर राख ओढली, की सकाळपर्यंत विस्तव राहायचा. हवा कमी दिली, की आग टिकते, हे आईला कुठल्याही झडपेशिवाय ठाऊक होतं. तेव्हा यंत्र काही फसवं नाही, एवढं मला पटलं. प्रश्न उरला, आपल्याला हवं का?

योगायोगाने शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडे असंच अंडं होतं. त्यांनी रविवारी आम्हाला बोलावलं. आम्ही वांगी, मक्याची कणसं आणि मसाला लावलेली अख्खी कोंबडी घेऊन गेलो. पहिला धडा मिळाला तो सावधपणाचा. आत कडक आच असताना झाकण एकदम उघडायचं नाही. आधी बोटभर उचलून थांबायचं, नाहीतर हवा आत घुसून ज्वाळा तोंडावर येते. दुसरा धडाही तितकाच महत्त्वाचा. पावसाची भुरभुर सुरू झाली तशी चिरंजीव म्हणाले, "गॅरेजमध्ये घेऊ या का, दार उघडंच ठेवू." शेजारी ताडकन म्हणाले, "मुळीच नाही." कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास, आणि माणूस झोपेतच जातो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्या आहेत, त्यामुळे मीही त्यांचीच री ओढली. छत्र्या धरून उभे राहिलो झालं!

कोंबडी मंद आचेवर दोन तासांहून अधिक होती आणि खरोखर अप्रतिम झाली. आतपर्यंत शिजलेली, तरी रसाळ. कणसं छान झाली, पण चौपाटीवरच्या गाडीपेक्षा वेगळी नव्हेत. वांग्याला तर हवी उघड्या निखाऱ्याची धग, ती कुठल्याही शेगडीवर मिळते. मी शेजाऱ्यांना विचारलं, "तुम्ही किती वेळा वापरता?" ते म्हणाले, "आठवड्यातून दोनदा, गेली दहा वर्षं. पण मी हे घर सोडणार नाही. सत्तर किलोच्या वर वजन आहे. हलवताना पडलं, तर तडकतं."

रात्री आम्ही स्वयंपाकघरात कागद घेऊन बसलो. वर्षातून किती वेळा वापरणार? चार-चार तास मंद शिजवायचे पदार्थ आपण किती करतो? दोन-तीन वर्षांत नोकरी बदलली, तर हे धूड कोण हलवणार? चिरंजीव प्रत्येक प्रश्नाला उत्साहाने उत्तर देत होते. शेवटी मी सूनबाईकडे वळले. "तुला काय वाटतं गं?"

ती भांडी पुसत होती. हात न थांबवता म्हणाली, "आई, हा बाहेर चिमटा घेऊन उभा राहतो, सगळे याचं कौतुक करतात. आत कणीक, कोशिंबीर, मॅरिनेशन, पाहुण्यांच्या बश्या आणि नंतरची भांडी माझी. रविवार माझाच जातो. शेगडी साधी असो की लाखाची."

खोलीत क्षणभर शांतता पसरली. मला माझी आई दिसली. शेगडीपुढे ती एकटी आणि आम्ही सगळे ताटावर बसलेलो. दुकानात सूनबाई का बोलली नव्हती, ते तेव्हा उमगलं.

मी म्हटलं, "असं करू. साधी झाकणाची शेगडी घ्या." शिकागोच्या एका धातूच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली समुद्रातल्या बोयाचा गोळा अर्धा कापून जी बनवली, त्याच घडणीची, दोनशे-अडीचशे डॉलरची. "तिलाही वर-खाली झडपा असतात. फक्त पत्रा पातळ, म्हणून अधूनमधून कोळसा घालावा लागेल आणि लक्ष ठेवावं लागेल. बारा रविवार तू सगळं करायचंस. पिशवी आणण्यापासून भांडी घासून राख टाकण्यापर्यंत. पुरे केलेस, तर मोठ्या शेगडीचे पैसे माझ्या पेन्शनमधून."

"पेन्शनमधून? हे बरं आहे!" आमचे हे वर्तमानपत्राआडून म्हणाले. पण सौदा ठरला.

पुण्याला परतल्यावर दर सोमवारी सकाळी मी फोनवर हिशेब विचारायची. तिसऱ्या रविवारी कोंबडी बाहेरून कोळसा, आतून कच्ची. पाचव्या रविवारी चिरंजीवांना कळलं, की दहा माणसांच्या जेवणामागे भांडी किती निघतात. त्यानंतर पाहुणे सहावर आले. बारावा रविवार झाला तेव्हा सूनबाईचाच फोन आला. "आई, आज मी अंगणात खुर्चीवर बसून अख्खं मासिक वाचलं!"

मी शब्दाला जागून पैशांचं विचारलं. चिरंजीवांनी वही काढली. "बारापैकी तीनदाच मी दोन तासांपेक्षा जास्त शिजवलं गं. बाकी सगळं अर्ध्या-पाऊण तासाचं. तेवढ्यासाठी जाड भिंती नकोत."

जो दर आठवड्याला मांस तासन्‌तास मंद शिजवतो, ज्याचं घर कायमचं आहे आणि जो आपली भांडी आपण घासतो, त्याने ती महागडी शेगडी खुशाल घ्यावी. पैसे वसूल होतील. आमच्याकडे यातलं तिसरं आत्ता कुठे जमू लागलं आहे.

फोन ठेवता ठेवता चिरंजीव म्हणाले, "आई, एक मागू? कोळसा पेटवताना फार त्रास होतो. फुंकणी मिळते का गं तिकडे?"

माळ्यावर आईची पितळी फुंकणी होती. शेगडी भंगारात गेली तरी ती मात्र तिने ठेवून घेतली होती. चिंचेने लखलखीत घासून मी तीच पाठवून दिली.